आईच्या जठराला सूज: नुसत्या पथ्याने भागेल का?

प्रश्न: आम्ही इंदूरला रामबागेत राहतो. आई ६३ वर्षांची. गुडघ्यांसाठी दोन वर्षं डायक्लोफिनॅक ही वेदनाशामक गोळी घेत होती, तेही बहुतेकदा नुसत्या चहावर. दिवाळीपासून छातीखाली आग होते, चार घासांतच पोट भरतं. एन्डोस्कोपीत जठराच्या अस्तराला सूज निघाली. पोहे आणि त्यांवरचा तिखट मसाला, जीरावन, बंद केलंय, तिच्या फार जिवावर आलं. काळजी वाटते. आणखी काय करू?

उत्तर: ताई, पोह्यांआधी ती गोळी बघा. अशा वेदनाशामकांनी शरीरातलं प्रोस्टाग्लँडिन नावाचं द्रव्य कमी होतं, आणि जठराला आम्लापासून वाचवणारा चिकट थर त्याच्यावरच टिकून असतो. तिखटाने आग वाढते, पण मूळ कारण बहुधा ते नसतं. गुडघ्यांसाठी दुसरं काय देता येईल, हे डॉक्टरांना विचाराच. आम्ल कमी करणारं पॅन्टोप्राझोल दिलं असेल तर नाश्त्याच्या अर्धा तास आधी. माझ्या सासूबाई ते जेवणानंतर घ्यायच्या, महिनाभर गुण नव्हता.

उत्तर: बायोप्सीत, म्हणजे एन्डोस्कोपीत काढलेल्या अस्तराच्या तुकड्यात, जठराला सूज आणणारा हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू तपासला का? मार्शल आणि वॉरन यांना २००५ चं नोबेल याच जंतूच्या शोधासाठी मिळालं. मला तो निघाला होता. १४ दिवस अँटिबायोटिक्स, तोंड कडू, तरी एकही डोस चुकवला नाही. नंतर जंतू गेल्याची खात्री करायला श्वासाची तपासणी केली.

प्रश्नकर्ती: बायोप्सीचा रिपोर्ट सोमवारी येईल. डायक्लोफिनॅक डॉक्टरांना विचारून आजच थांबवली.

उत्तर: बरं केलंत. मधेच शौचाला डांबरासारखं काळं झालं किंवा उलटीत रक्त दिसलं, तर सोमवारची वाट पाहू नका. रात्र असली तरी तडक इस्पितळ गाठा.