एमराल्डपर्यंतचं पोकेमॉनचं ज्ञान आजच्या गेममध्ये किती चालतं?

गवतातली_खसफस

रूबी, सफायर आणि एमराल्डचे नियम पक्के माहीत आहेत: टाइपचा तक्ता (कोणता वार कोणाला किती लागतो), नेचर (पोकेमॉनचा स्वभाव, ज्याने अटॅक, वेग असे स्टॅट वर-खाली होतात), ईव्ही (लढून मिळणारे स्टॅटचे गुण), अंड्यांचं गणित. त्यानंतरचा एकही गेम माहीत नाही. आता थेट स्कार्लेट सुरू करायचा आहे. नवी गोष्ट आणि नवा नकाशा खेळताना कळेलच, मला नियमांतला फरक हवा आहे.

१. लढाईतल्या कोणत्या जुन्या सवयी आता अंगाशी येतील?
२. पोकेमॉन तयार करायची पद्धत किती बदलली?
३. एमराल्डच्या कार्ट्रिजमधले पोकेमॉन स्कार्लेटपर्यंत आणता येतात का?

आयव्ही_एकतीस

पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो.

सगळ्यात मोठा बदल २००६ च्या डायमंड-पर्लमध्ये झाला. तो माहीत नसेल तर टीम मुळातच चुकीची बांधली जाते. एमराल्डमध्ये मूव्ह (लढाईतली चाल) फिजिकल (अटॅकवरून मोजायची) की स्पेशल (स्पेशल अटॅकवरून मोजायची) हे टाइपवरून ठरायचं. फायर, वॉटर, ग्रास, इलेक्ट्रिक, आइस, सायकिक, ड्रॅगन, डार्क हे आठ स्पेशल, उरलेले नऊ फिजिकल. आता प्रत्येक मूव्हचं वेगळं ठरलेलं असतं आणि मूव्हच्या माहितीत तसं चिन्ह दिसतं.

हिटमॉनचॅन घ्या. त्याचा अटॅक १०५, स्पेशल अटॅक ३५. एमराल्डमध्ये त्याचे फायर पंच, आइस पंच, थंडर पंच त्या ३५ वरून मोजले जायचे, म्हणजे बॉक्सरला मुठी दिल्या आणि जोर काढून घेतला. आता तिन्ही फिजिकल आहेत. गेंगारची तऱ्हा उलटी: स्पेशल अटॅक १३०, पण घोस्ट आणि पॉयझन दोन्ही टाइप फिजिकलमध्ये, त्यामुळे शॅडो बॉल ६५ च्या अटॅकवरून जायचा. आता शॅडो बॉल स्पेशल आहे. गॅराडॉसला वॉटरफॉल द्या, सर्फ नको. थोडक्यात, जुना 'हा पोकेमॉन कामाचा, हा बिनकामाचा' हा हिशेब पुसून टाका.

दुसरा बदल फेअरी टाइपचा, २०१३ च्या एक्स-वायपासून. ड्रॅगनच्या मूव्हचा फेअरीवर शून्य परिणाम. फेअरी ड्रॅगन, फायटिंग आणि डार्कवर दुप्पट लागते. तिला पॉयझन आणि स्टील दुप्पट लागतात. जुन्या पोकेमॉनपैकी क्लेफेरी आता निव्वळ फेअरी, गार्डेव्हॉयर सायकिक-फेअरी, अझुमॅरिल वॉटर-फेअरी. आउटरेज ही ड्रॅगन मूव्ह लावून तीन वळणं (लढाईतल्या पाळ्या) निर्धास्त बसायची सवय इथे नडते: समोरच्याने फेअरी आत आणली की तुमचा वार फुकट जातो. त्याच वेळी स्टीलचं घोस्ट आणि डार्कविरुद्धचं संरक्षण काढलं, म्हणजे मेटाग्रॉसला आता शॅडो बॉल दुप्पट लागतो.

बाकीचे भराभर. ड्रिझल, ड्राउट, सँड स्ट्रीम या अ‍ॅबिलिटींनी (पोकेमॉनच्या अंगभूत गुणांनी) आलेलं हवामान एमराल्डमध्ये लढाई संपेपर्यंत टिकायचं. आता ५ वळणं, योग्य दगड धरला असेल तर ८. क्रिटिकल हिट दुपटीऐवजी दीडपट. पॅरालिसिसने वेग पूर्वी पावपट व्हायचा, आता निम्मा होतो, आणि इलेक्ट्रिक टाइपला पॅरालिसिस होतच नाही. ग्रास टाइपवर स्पोअर, स्लीप पावडर, स्टन स्पोअर चालत नाहीत. बर्नचं नुकसान एक अष्टमांशावरून एक षोडशांशावर आलं. एक्स्प्लोजन पूर्वी समोरच्याचा डिफेन्स निम्मा धरून लागायचा, ती सवलत ब्लॅक-व्हाइटपासून गेली. आज तो शेवटचा उपाय आहे, पहिला नाही. पर्स्यूट आणि हिडन पॉवर तर सोर्ड-शील्डपासून उरलेच नाहीत.

डबल्स (दोन-दोन पोकेमॉनची लढाई) खेळणार असाल तर आणखी एक: वेग वळणाच्या मध्येच बदलला तर पुढचा क्रम लगेच बदलतो. टेलविंड (आपल्या बाजूचा वेग वाढवणारी मूव्ह) लावला की त्याच वळणात जोडीदार आधी मारू शकतो. पूर्वी क्रम वळणाच्या सुरुवातीलाच ठरून जायचा.

दहा_व्हिटॅमिन

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: गणित तेच, वाट फार सोपी झाली.

ईव्हीची एकूण मर्यादा ५१० तशीच आहे. एका स्टॅटला पूर्वी २५५ पर्यंत जायचे आणि तीन वाया जायचे, आता २५२ लाच थांबतात. लेव्हल १०० ला ४ ईव्हीला १ गुण. ऑनलाइन लढाया मात्र लेव्हल ५० वर होतात. तिथे आयव्ही (पोकेमॉनचे जन्मजात गुण, ० ते ३१) ३१ असेल तर पहिला गुण ४ ईव्हीला आणि पुढचा प्रत्येक ८ ला मिळतो. म्हणून उरलेले ईव्ही वाटताना ४, १२, २०, २८ याच आकड्यांवर थांबा. ८ किंवा १६ ठेवले तर चार फुकट जातात.

एमराल्डमध्ये व्हिटॅमिन (१० ईव्ही देणारी बाटली) एका स्टॅटला १०० ईव्हीपर्यंतच चालायचं, म्हणजे दहा बाटल्या. सोर्ड-शील्डपासून ती अट गेली. आता २६ बाटल्यांत शून्यावरून २५२. स्कार्लेटमध्ये एक बाटली १०,००० ला, म्हणजे एका स्टॅटचे २,६०,००० गेमातले पैसे. ते जड वाटत असतील तर पॉवर आयटम धरायला द्या: पूर्वी प्रत्येक विजयामागे ४ ईव्ही जास्तीचे मिळायचे, आता ८. फ्लेचलिंग हरवला की वेगाचा १ ईव्ही मिळतो. पॉवर अँक्लेट धरलं तर ९. म्हणजे २८ फ्लेचलिंगमध्ये वेग पूर्ण.

इथे हमखास होणारी गडबड: एक्स्प शेअर आता कायम चालू असतो, बंद करता येत नाही, आणि तो अनुभवाबरोबर ईव्हीही सगळ्या सहा जणांना देतो. तुम्ही एकाला वेग देताय तेव्हा उरलेले पाचही वेग गोळा करत असतात. मुख्य कथा खेळलेल्या कोणत्याही पोकेमॉनचे ईव्ही विस्कटलेलेच असणार, ते गृहीत धरा. तपासायला समरीमध्ये स्टॅटच्या पानावर एल दाबा. काढायला पोमेग, केल्प्सी, क्वालॉट, हॉन्ड्यू, ग्रेपा, टमाटो याच बेऱ्या, ज्यांना ईव्ही घटवायचं काम एमराल्डमध्येच मिळालं. एका बेरीला १० कमी.

नेचर: आता मिंट देऊन परिणाम बदलता येतो. आयव्ही: लेव्हल ५० नंतर बॉटल कॅप देऊन माँटेनेव्हेरा गावात हायपर ट्रेनिंग. पण दोन्ही रंगरंगोटी आहे, मूळ नेचर आणि मूळ आयव्ही आत तसेच राहतात आणि अंड्यात तेच उतरतात. शिवाय बॉटल कॅप आकडा फक्त वर नेते. ट्रिक रूमसाठी (या मूव्हनंतर हळू पोकेमॉन आधी मारतो) वेगाचा आयव्ही शून्य हवा असेल तर अजूनही अंडी किंवा नशीब.

अंड्यांबद्दल: एमराल्डमध्ये तीन आयव्ही उतरायचे आणि एव्हरस्टोनने नेचर निम्म्या वेळाच, तेही आईने किंवा डिट्टोने (अंड्यांसाठी आईच्या जागी चालणारा पोकेमॉन) धरला तर. आता डेस्टिनी नॉटने दोघांच्या मिळून बारापैकी पाच आयव्ही उतरतात, एव्हरस्टोन कोणाहीकडे असला तरी नेचर नक्की. डे केअर (अंड्यांसाठी पोकेमॉन ठेवायची जागा) आता नाही. पिकनिक मांडायची, अंडी टोपलीत जमा होतात, एका वेळी दहापर्यंत. एग मूव्हसाठी (पूर्वी अंड्यातूनच मिळणाऱ्या मूव्ह) तर अंड्यांची गरजच संपली: मिरर हर्ब धरायला द्या, मूव्हची एक जागा रिकामी करा, ती मूव्ह येणाऱ्याबरोबर पिकनिकला बसवा. जागा रिकामी करायला विसरलात तर काहीच होत नाही, आणि तिथेच लोक अडतात.

बॉक्स_नंबर_एक

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर होय, पण साखळीतली एक कडी नसली तरी सगळं थांबतं.

१. एमराल्डचं कार्ट्रिज आणि चौथ्या पिढीचा एखादा गेम (डायमंड, पर्ल, प्लॅटिनम, हार्टगोल्ड, सोलसिल्व्हर) एकाच डीएस किंवा डीएस लाइटमध्ये लावा. डीएसआय आणि थ्रीडीएसला जुन्या कार्ट्रिजची खाच नाही. दोन्ही गेम एकाच भाषेचे ठेवा. चौथ्या पिढीत नॅशनल डेक्स (सगळ्या पोकेमॉनची यादी) मिळालेला हवा. मुख्य मेन्यूतून सहा पोकेमॉन उचला आणि पाल पार्कमध्ये पकडा. हे एकतर्फी आहे, परत जाता येत नाही. सर्फ, फ्लाय असे एचएम (सहज विसरवता न येणाऱ्या खास मूव्ह) येत असतील तर तो पोकेमॉन निवडताच येत नाही. ते आधी लिलिकोव्हच्या मूव्ह डिलीटरकडून काढून घ्या.

२. चौथ्यातून पाचव्या पिढीत: दोन कन्सोल लागतात. ब्लॅक किंवा व्हाइटची मुख्य कथा संपवून रूट १५ वरची ट्रान्सफर लॅब. इथेही सहा-सहा, इथेही एचएम चालत नाहीत.

३. पाचव्यातून पुढे: थ्रीडीएसवर पोके ट्रान्सपोर्टर. तो फक्त पहिल्या बॉक्समधले पोकेमॉन उचलतो, बाकीच्यांकडे पाहतही नाही. तिथून ते पोकेमॉन बँकेत (थ्रीडीएसची ऑनलाइन साठवण) जातात.

४. बँकेतून होम (नव्या गेमशी जोडलेली ऑनलाइन साठवण): होममध्ये मिळालेला कोड बँकेत टाकायचा. यासाठी होमची सशुल्क योजना लागते. मोफत योजनेत फक्त ३० पोकेमॉन मावतात, आणि बँकेतून आणताच येत नाहीत.

खरी अडचण तिसऱ्या पायरीवर आहे. थ्रीडीएसचं ईशॉप २७ मार्च २०२३ ला बंद झालं. ज्या कन्सोलवर बँक आणि ट्रान्सपोर्टर आधी उतरवलेले आहेत तिथेच हे शक्य आहे. तसा कन्सोल हाताशी नसेल तर पहिल्या दोन पायऱ्यांचा खटाटोप करू नका.

'अंतर्गत बॅटरी संपली' असा संदेश एमराल्ड देत असेल तर घाबरू नका. ती घड्याळाची बॅटरी, सेव्ह फ्लॅशमध्ये असतो. बेऱ्या वाढणार नाहीत, पोकेमॉन मात्र शाबूत. गोल्ड-सिल्व्हरची गोष्ट वेगळी, तिथे बॅटरी गेली की सेव्हही गेला.

गवतातली_खसफस

अ‍ॅग्रॉन आणि क्रोबॅट आणायचे होते, ते तरी पोचतील ना?

बाइटखाऊ

होमपर्यंत पोचतील, स्कार्लेटमध्ये उतरणार नाहीत. दोघेही त्या गेममध्ये नाहीत. सोर्ड-शील्डला क्राउन टुंड्रा हा विकत मिळणारा जोडभाग जोडला असेल तर तिथे जातील.

२०१९ पर्यंत जवळजवळ प्रत्येक मुख्य गेममध्ये आधीचे सगळे पोकेमॉन निदान साठवता तरी यायचे. सोर्ड-शील्डच्या मूळ डेक्समध्ये ४०० च ठेवले आणि बाकीच्यांना दार बंद. लोक भडकले. पण १५१ चे १,०२५ झाल्यावर प्रत्येकाचं मॉडेल, हालचाली आणि लढाईतला समतोल दर गेमला नव्याने सांभाळायचा, हे कधीतरी तुटणारच होतं. मला तो निर्णय योग्य वाटतो. कोणाला वगळलं ते मात्र पटत नाही, क्रोबॅटने काय घोडं मारलं होतं?

शिवाय ही पहिली तूट नव्हेच. तुमच्या रूबी-सफायरनेच २००२ मध्ये मागची दोरी साफ कापली होती. गोल्ड-सिल्व्हरमध्ये बॉक्समधला पोकेमॉन ३२ बाइटचा, आयव्हीच्या जागी ० ते १५ असे डीव्ही, आणि नेचर-अ‍ॅबिलिटी नाहीतच. रूबीत तोच ८० बाइटचा झाला. ३२ बिटांच्या एका संख्येवरून नेचर, लिंग, अ‍ॅबिलिटी, स्पिंडाचे ठिपके ठरू लागले; शायनीसाठी (वेगळ्या रंगाचा दुर्मीळ पोकेमॉन) ट्रेनरचा आयडीही जोडीला. जुन्यात ती संख्याच नव्हती. पुढे थ्रीडीएसवर जुने गेम पुन्हा विकताना मार्ग काढला: अनुभवाच्या गुणांना २५ ने भागायचं आणि बाकीवरून नेचर द्यायचं. तुमचे एमराल्डचे पोकेमॉन आज होमपर्यंत जाऊ शकतात ते त्या ८० बाइटच्या साच्यावर पुढचं सगळं रचलं म्हणून.

टेरा_नको

कोणी स्कार्लेटमधल्या टेराबद्दल लिहिलंच नाही. एका लढाईत एकदा, एकाच पोकेमॉनचा टाइप बदलतो. बचाव नव्या टाइपने होतो, हल्ल्याचा दीडपट फायदा जुन्या टाइपलाही राहतो, आणि टेरा मूळच्याच टाइपचा असेल तर त्या मूव्ह दुप्पट. टाइप बदलून घ्यायला मेडालीच्या खानावळीत त्या टाइपचे ५० टेरा शार्ड द्यायचे. वापरल्यावर टेरा ऑर्ब (ज्याने हा बदल करतात तो गोळा) पोकेमॉन सेंटरवर भरून घ्या.

त्यात फार जीव गुंतवू नका, हे माझं मत. लढाईतल्या अशा खास शक्ती येतात आणि जातात: मेगा एक्स-वायमध्ये आला, सोर्ड-शील्डमध्ये गायब. झेड मूव्ह एका पिढीपुरत्या. डायनामॅक्स तीन वळणांचं, तेही एका पिढीचं. जाहिरातीत झळकतं ते पुढच्या पिढीत टिकेलच असं नाही; टिकलंय ते फिजिकल-स्पेशलची फोड, फेअरी, कुठेही मूव्ह परत शिकणं असलं बिनगाजावाजाचं.

आयव्ही_एकतीस

मेगा २०२५ च्या लेजेंड्स झेड-ए मध्ये परत आला आहे, त्यामुळे 'गेलं ते गेलं' असंही नाही. अर्थात तिथे वळणंच नाहीत, मूव्ह वापरली की ती पुन्हा भरेपर्यंत थांबायचं. तो वेगळाच प्रकार, तिथे वरचं अर्धं गणित लागू पडत नाही.

दहा_व्हिटॅमिन

स्कार्लेट सुरू करताना दोन गोष्टी. जिम (लीडरला हरवून बॅज मिळवायची ठिकाणं) कोणत्याही क्रमाने करता येतात, पण त्यांच्या लेव्हल तुमच्याप्रमाणे वरखाली होत नाहीत. प्रत्येक लीडरचा सर्वांत वरचा पोकेमॉन असा: कॉर्टोंडो १५, आर्टाझॉन १७, लेव्हिन्सिया २४, कास्काराफा ३०, मेडाली ३६, माँटेनेव्हेरा ४२, अल्फोर्नाडा ४५, ग्लॅसिआडो ४८. याच क्रमाने जा.

आणि होममधून लेव्हल १०० चा पोकेमॉन आणून कथा उडवायचा विचार असेल तर सोडून द्या. एमराल्डमध्ये फक्त दुसऱ्याचा पोकेमॉन ऐकत नसे, इथे तुमचाही ऐकत नाही. बॅज नसताना लेव्हल २० पर्यंत पकडलेले किंवा आणलेलेच ऐकतात, दर बॅजला ५ ने मर्यादा वाढते, आठव्या बॅजनंतर सगळे. मोजली जाते ती पकडल्याच्या किंवा आणल्याच्या वेळची लेव्हल. म्हणून लेव्हल १५ ला आणलेला पुढे ६० चा झाला तरी मुकाट ऐकतो.