निरनिराळ्या कंपन्यांच्या क्विक लिंकने सायकलची चेन जोडावी का?

मागचा_गिअर

माझ्या सायकलवर शिमानोची ११ स्पीडची, म्हणजे मागे ११ चकत्या असलेल्या सायकलसाठीची, चेन आहे. दूरच्या फेरीत ती तुटल्यास रस्त्यातच जोडता यावी म्हणून एक जादा क्विक लिंक (चेनची दोन टोके जोडणारी वेगळी कडी) जवळ बाळगावी, असा विचार आहे. हाताशी दोन न वापरलेल्या लिंक आहेत : एक केएमसीची ११ स्पीडची आणि दुसरी स्रॅमची १० स्पीडची. वरवर पाहता दोन्ही बसतील असे वाटते. पण चेन बनवणाऱ्या कंपनीने आपलीच लिंक वापरण्याची सूचना दिलेली आहे. या सूचनेमागे यांत्रिक कारण आहे की केवळ व्यापारी, हे जाणून घ्यायचे आहे. शिवाय जुन्या ११ स्पीड चेनचा एक छोटा तुकडा उरला आहे. तो मध्ये जोडता येईल का?

आरेवाला

केएमसीची ११ स्पीडची लिंक जवळ ठेवावी, स्रॅमची १० स्पीडची ठेवू नये. येथे कंपनीच्या नावापेक्षा रुंदीला अधिक महत्त्व आहे.

आजच्या जवळजवळ सर्व सायकल चेनमध्ये एका पिनच्या मध्यापासून दुसऱ्या पिनच्या मध्यापर्यंतचे अंतर अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर असते, आणि म्हणूनच कोणतीही लिंक हातात धरून पाहिली तर ती जुळते असा भास होतो. फरक असतो तो आडव्या मापात. कॅसेटवर (मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांच्या संचावर) चकत्या वाढत गेल्या तशी चेन बाहेरून अरुंद होत गेली : ८ स्पीडची साधारण ७.१ मिलिमीटर, ९ स्पीडची ६.६, १० स्पीडची ५.९, ११ स्पीडची ५.५ ते ५.६ आणि १२ स्पीडची ५.३ च्या आसपास. १० स्पीडची लिंक ११ स्पीडच्या चेनमध्ये घातल्यास तिच्या पट्ट्या आतल्या कडीपासून (चेनमध्ये अरुंद आतल्या आणि रुंद बाहेरच्या कड्या आलटून पालटून असतात) दूर राहतात, जोड बाजूला हलतो आणि शेजारच्या चकतीला घासू शकतो. उलट केले, म्हणजे अरुंद लिंक रुंद चेनमध्ये घातली, तर एक तर ती पुरती बंदच होत नाही, किंवा बंद झाली तरी जोड ताठ राहून चेन दातांवरून उडी मारते. हा दुसरा प्रकार मला अधिक घातक वाटतो, कारण अर्धवट बसलेली लिंक भर चढावर, सगळा भार पेडलवर असताना सुटते.

कंपनीच्या सूचनेकडे मात्र केवळ व्यापार म्हणून पाहू नये. स्वतः न तपासलेल्या जोडाची हमी ती देऊ शकत नाही. काही चेनच्या बाबतीत तर ती सूचना अक्षरशः पाळावी लागते. स्रॅमच्या फ्लॅटटॉप चेनची वरची कड सपाट आणि रोलर मोठे असल्यामुळे तिला तिचीच लिंक लागते.

साखळीदुवा

वरील मताशी मी सहमत आहे. त्यात एक अट जोडतो. दोन कंपन्यांच्या लिंकचे अर्धे भाग कधीही एकत्र करू नयेत. क्विक लिंकचे दोन भाग असतात. एकाची पिन दुसऱ्याच्या खाचेत सरकून अडकते, आणि पिनवरची बारीक खोबण व त्या खाचेची कड यांचे माप जुळले तरच जोड टिकतो. हे माप प्रत्येक कंपनीचे आपापले असते.

पुन्हा वापरण्याबाबतही सर्वांचे धोरण सारखे नाही. शिमानोच्या क्विक लिंक आणि स्रॅमच्या १० स्पीडपासून पुढच्या पॉवरलॉक नावाच्या लिंक एकदाच वापरायच्या आहेत, वीपरमानच्या कॉनेक्स लिंक पुन्हा वापरता येतात आणि केएमसी दोन्ही प्रकार विकते. लिंकवर बाण असल्यास तो चेन चालण्याच्या दिशेने ठेवावा. लिंक बसवल्यावर ती वरच्या बाजूला आणून, मागचा ब्रेक धरून पेडलवर जोर द्यावा, म्हणजे ती खट्ट आवाज करून पूर्ण बंद होते.

मागचा_गिअर

दोघांचे आभार. १० स्पीडची लिंक बाजूला ठेवतो. तुकड्याविषयीही कोणी सांगावे, ही विनंती.

आरेवाला

तुकडा उपयोगी आहे, पण मर्यादित अर्थाने. क्विक लिंक बाहेरच्या कडीची जागा घेते, त्यामुळे ती ज्या दोन टोकांना जोडते ती दोन्ही टोके आतल्या कडीची असावी लागतात. बाहेरची पट्टी तुटली असेल तर चेन टूलने (पिन ढकलून काढण्याच्या हत्याराने) ती खराब कडी काढून तेथे लिंक बसवली की चेनची लांबी तेवढीच राहते. आतली कडी वाकली असेल तर तिच्यासोबत दोन्ही बाजूंच्या बाहेरच्या कड्या काढाव्या लागतात, आणि एकाच लिंकने जोडल्यास चेन एक इंचाने आखूड होते. अशा वेळी पुढची मोठी चकती आणि मागची सर्वांत मोठी चकती एकत्र वापरू नये, कारण डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग) जास्त ताणला जाऊन मोडू शकतो. तुमच्या तुकड्यातील एक आतली कडी आणि दोन क्विक लिंक जवळ असतील तर मूळ लांबी कायम ठेवता येते. म्हणून एकाऐवजी दोन लिंक बाळगाव्यात.

लांब तुकडा कायमचा जोडण्याचा सल्ला मात्र मी देणार नाही. झिजलेल्या चेनमध्ये पिनांमधले अंतर वाढलेले असते. १२ इंचांत साधारण दीड मिलिमीटर वाढ झाली की झीज ०.५ टक्के झाली असे धरतात, आणि ११ स्पीडची चेन त्या सुमारास बदलणे बरे. कमी-अधिक झिजलेले दोन भाग एकाच चेनमध्ये आले की दातांवर त्यांची बैठक वेगवेगळी होते. जोडण्यापूर्वी दोन्ही भाग झीज मोजण्याच्या गेजने मोजावेत, आणि झीज सारखी नसेल तर तो तुकडा घरी पोहोचेपर्यंतच वापरावा.