मदत हवी आहे: लग्नपत्रिका आणि वॅलोरंट, दोन्हींसाठी एकच मॉनिटर

कोल्हापुरी_डीटीपी

नमस्कार मंडळी,

घरातूनच डीटीपीची कामं करते. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची निमंत्रणं, एखाद्या दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ. कोरलड्रॉ आणि फोटोशॉप वापरते. संध्याकाळनंतर त्याच पीसीचा ताबा धाकट्या भावाकडे जातो आणि वॅलोरंट हा नेमबाजीचा गेम सुरू होतो.

आत्ताचा २२ इंची मॉनिटर जुना, टीएन पॅनेलचा आहे. ताठ बसलं की पत्रिकेतला हळदीचा पिवळा एक दिसतो, जरा घसरून बसलं की दुसराच. गिऱ्हाइकाला शेजारी बसवून रंग पक्का करायची सोयच नाही, त्याला तिसराच दिसतो.

बजेट २५ हजारांच्या आसपास. ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ३०६०. टेबलावर दोन मॉनिटर मावत नाहीत, त्यामुळे तो सल्ला नको. आईने आधीच देऊन झालाय.

माझा डोळा बेनक्यूच्या पीडी२७०५क्यूवर होता. २७ इंच, २५६० बाय १४४० (क्यूएचडी), १०० टक्के एसआरजीबी, म्हणजे स्क्रीनचा नेहमीचा रंगपट्टा पूर्ण. पण तो ६० हर्ट्झचा (सेकंदाला ६० वेळा चित्र बदलणारा) आहे कळल्यावर भावाने जेवण सोडायचंच बाकी ठेवलं. त्याला २४ इंची फुल एचडी, २४० हर्ट्झचा हवाय. त्यावर माझ्या बारीक वेलबुट्टीचं काय होणार, याची त्याला फिकीर नाही. मधला मार्ग म्हणून १४४ ते १८० हर्ट्झचे क्यूएचडी गेमिंग मॉनिटर बघतेय. डब्यावर ९५ टक्के डीसीआय-पी३, १ मिलिसेकंद, एचडीआर ४०० असं काय काय लिहिलेलं असतं. यातलं माझ्या उपयोगाचं काय? असा मॉनिटर छपाईच्या कामाला चालतो का? आणि छापून आलेला भगवा नेहमी मळकट दिसतो, तो यामुळे सुधारेल का?

शाईचा_डाग

ताई, भगव्याचं दुखणं कुठलाही मॉनिटर घेतला तरी जाणार नाही. स्क्रीनवरचा आरजीबी (लाल-हिरवा-निळा उजेड मिसळून केलेला) भगवा आतून उजळलेला असतो. कागदावर तो मॅजेंटा साठेक टक्के आणि पिवळा शंभर टक्के अशा शाईतून काढायचा, तेवढा झगझगीत तो उठतच नाही. तसाच हवा असेल तर स्पॉट कलर, म्हणजे वेगळी शाई, वेगळी प्लेट आणि वेगळं बिल. पत्रिकेला हे कोणी करत नाही.

फाइल पहिल्यापासून सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या चार शायांच्या रंगांत करा. फोटोशॉपमध्ये कंट्रोल-वाय दाबून प्रूफ, म्हणजे छापून कसं दिसेल ते बघत जा. प्रेसवाल्याकडे त्याच्या छपाईचा प्रोफाइल (रंग कसे उठतात याची फाइल) असेल तर मागून घ्या. गिऱ्हाइकाला व्हॉट्सॅपवर नमुना पाठवतानाही सीएमवायकेतून परत आरजीबीत आणलेला पाठवा. एकदा का त्याच्या डोळ्यांत तो चकचकीत भगवा बसला, की छापील कागद बघून भांडण ठरलेलं.

ब्राइटनेसचंही बघा. नवा मॉनिटर बरेचदा २५०-३०० निट्सवर (निट म्हणजे उजेडाचं माप) पेटलेला येतो. छपाईच्या कामाला ८० ते १२० निट्स पुरतात. 'स्क्रीनवर छान होतं, छापून काळपट आलं' या तक्रारीचं मूळ बरेचदा इथेच असतं.

फ्रेम_मोजणारा

भावाला हा हिशेब दाखवा. ६० हर्ट्झला एक फ्रेम १६.७ मिलिसेकंद, १४४ ला ६.९, २४० ला ४.२. म्हणजे ६० वरून १४४ ला जाताना जवळजवळ १० मिलिसेकंद वाचतात, पुढे २४० पर्यंत जाऊन जेमतेम पावणेतीन. त्याच्यासाठी तुमची वेलबुट्टी बळी देण्यात अर्थ नाही. वॅलोरंट हलका गेम आहे, ३०६० वर क्यूएचडीतही १४४ च्या वर आरामात पळेल.

तुमचं म्हणाल तर २७ इंची क्यूएचडीत इंचाला १०९ पिक्सेल येतात, २४ इंची फुल एचडीत ९२. पॅनेल आयपीएस प्रकारचंच घ्या, बाजूने बघितलं तरी रंग फारसे बदलत नाहीत. व्हीए प्रकारच्या पॅनेलमध्ये काळा रंग जास्त गडद मिळतो, पण बाजूने बघितलं की रंगछटा हलतात. गिऱ्हाईक शेजारीच बसवायचं असेल तर तोच त्रास पुन्हा नको.

डब्यावरचा १ मिलिसेकंद बहुतेक वेळा ओव्हरड्राइव्ह (पिक्सेलला झटपट रंग बदलायला लावणारी सेटिंग) टोकाला नेऊन मिळवलेला असतो. तो वापरात ठेवला की हलत्या वस्तूमागे उलट्या रंगाची सावली दिसते. एचडीआर ४००, म्हणजे जास्त उजेड-अंधार दाखवण्याचा दावा, विसरा.

डीसीआय-पी३ (एसआरजीबीहून मोठा रंगपट्टा) जास्त म्हणजे तुमच्यासाठी चांगलंच, असं मात्र नाही. ज्या प्रोग्रामला कलर मॅनेजमेंट (मॉनिटरप्रमाणे रंग जुळवण्याची सोय) नाही तिथे असा मॉनिटर साधा लाल कुंकूसुद्धा भडक दाखवतो. म्हणून त्यात एसआरजीबी मोड हवा, आणि खरी मेख पुढे आहे: बऱ्याच स्वस्त मॉनिटरांत तो मोड लावला की ब्राइटनेसचं बटण बंद पडतं. मग वर सांगितलेले १२० निट्स आणणार कसे? टक्केवारीपेक्षा आधी हे तपासा.

नुसता_वाचक

ओएलईडी घ्या, बाकी सगळं विसराल.

फ्रेम_मोजणारा

२५ हजारांत? आणि कोरलची टूलबार दिवसभर एकाच जागी, बर्न-इनला, म्हणजे पडद्यावर कायमचा ठसा उमटायला आमंत्रणच.

कोल्हापुरी_डीटीपी

सगळ्यांचे आभार. भावाला हिशेब वाचून दाखवला. 'पावणेतीन पण पावणेतीनच असतात' म्हणाला, पण १६५ ला तयार झालाय. तर २७ इंची क्यूएचडी आयपीएस नक्की. एसआरजीबी मोडमध्ये ब्राइटनेस हलतो की नाही हे विकत घ्यायच्या आधी कसं कळेल? आणि कॅलिब्रेशनचं, म्हणजे स्क्रीनचे रंग मोजून जुळवायचं यंत्र घ्यावंच लागेल का? मग बजेट कोलमडतं.

शाईचा_डाग

यंत्र विकत घेऊ नका. ओळखीच्या लग्नाच्या फोटोग्राफरांना विचारा, एखाद्याकडे तरी निघेल. तासाभराचं काम आहे. लक्ष्य ६५०० केल्विन आणि १२० निट्स ठेवा. मॉनिटरचा प्रोफाइल एसआरजीबी मोडमध्येच बनवा. भावाने गेमसाठी मोड बदलला, तर सकाळी काम सुरू करायच्या आधी तो परत लावायचा, नाहीतर प्रोफाइल कुचकामी.

फ्रेम_मोजणारा

कंपनीच्या साइटवर मॅन्युअल असतं. कुठल्या मोडमध्ये कोणती सेटिंग बंद होते याचा तक्ता बरेचदा शेवटच्या पानांत सापडतो. तिथे नसेल तर दुकानात मेनू उघडून स्वतः फिरवून बघा, दोन मिनिटांचं काम. आणि घरी आणल्यावर डिस्प्लेपोर्टची केबल लावून विंडोजच्या अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये रिफ्रेश रेट १६५ करा. नाहीतर १६५ चा मॉनिटर ६० वरच चालत राहील आणि भाऊ तुमच्या नावाने बोटं मोडेल.