मदत हवी आहे: मुलीचा गुडघा पुन्हा गेला, क्लबच्याच सर्जनकडे जायचं की सेकंड ओपिनियन? (सोमवारपर्यंत सांगा)

टचलाइनपलीकडे
मुलगी व्यावसायिक फुटबॉल खेळते. अडीच आठवड्यांपूर्वी सामन्यात गुडघा गेला. क्लबच्या डॉक्टरांनी एमआरआय पाहून ऑपरेशन सांगितलं. सर्जन त्यांचाच, तारीखही जवळपास ठरली आहे. सात महिन्यांत मैदानात उतरेल म्हणतात. मागच्या वेळीही सातच म्हणाले होते, म्हणून मला हे पटत नाही.

सेकंड ओपिनियनसाठी हट्ट धरला तर क्लब नाराज होऊन कराराला धोका होतो का? आणि ओपिनियन घ्यायचं तर कोणत्या प्रकारच्या डॉक्टरचं? सोमवारी तिला कळवायचं आहे. कृपया 'धीर धरा, सगळं ठीक होईल' असं लिहू नका, ते ऐकून झालंय.

सांधेजोड
मी क्रीडा फिजिओ आहे. उत्तर द्यायला लागेल ती माहितीच तुम्ही दिलेली नाही. नेमकं काय फाटलंय? एसीएल (गुडघा आतून स्थिर धरणारं लिगामेंट) एकटं की मेनिस्कस (हाडांमधली कूर्चेची गादी) सुद्धा? 'पुन्हा' म्हणजे तोच गुडघा की दुसरा? मागचं ऑपरेशन कधी झालं आणि ग्राफ्ट, म्हणजे एसीएलच्या जागी बसवलेला टेंडनचा (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीचा) तुकडा, कुठून घेतला होता? वय काय? आणि पहिल्या ऑपरेशनची ऑपरेटिव्ह नोट तुमच्याकडे आहे का? डिस्चार्ज कार्ड नाही, ऑपरेशनमध्ये नेमकं काय केलं ते सर्जनने लिहिलेली ऑपरेटिव्ह नोट. असेल तर ती आधी शोधून ठेवा.

चालत_राहा
ऑपरेशनची घाई करू नका. माझं स्वतःचं एसीएल सहा वर्षांपूर्वी तुटलं, ऑपरेशन केलं नाही, आज डोंगर चढतो. स्वीडनमध्ये यावर रीतसर अभ्यास झालाय, २०१० साली प्रसिद्ध झाला. १२१ तरुण, खेळणारी माणसं. एका गटाला लवकर ऑपरेशन, दुसऱ्याला आधी व्यायाम आणि गरज पडली तरच ऑपरेशन. दोन वर्षांनी दोन्ही गट सारखेच, आणि व्यायामवाल्या गटातल्या निम्म्याहून जास्त लोकांनी ऑपरेशन केलंच नाही. क्लबचे डॉक्टर हे तुम्हाला सांगणार नाहीत.

सांधेजोड
@चालत_राहा, अभ्यास खरा आहे, पण त्यात व्यावसायिक पातळीवरचे खेळाडू घेतलेच नव्हते. डोंगर चढताना पाय बहुतेक सरळ रेषेत चालतो. फुटबॉलमध्ये पूर्ण वेगात पाय रोवून वळायचं असतं, तेही समोरच्याकडे बघत. तुमचा गुडघा टिकला याचा आनंद आहे, पण तो या मुलीला लागू होत नाही.

चालत_राहा
लागू होतो की नाही हे तुम्ही रिपोर्ट न बघता कसं ठरवलंत? मी फक्त घाई नको म्हणतोय.

जुना_स्ट्रायकर
धागाकर्ते, मुलीला ब्राझीलच्या रोनाल्डोची गोष्ट सांगा. नोव्हेंबर १९९९ मध्ये गुडघा गेला, ऑपरेशन झालं, एप्रिल २००० मध्ये परतला आणि सात-एक मिनिटांत तोच गुडघा पुन्हा गेला. लोकांनी संपला म्हणून सांगितलं. २००२ च्या वर्ल्ड कपमध्ये ८ गोल, फायनलमध्ये दोन. मनाने खंबीर राहिलं की होतं सगळं.

गोलकीपरची_आई
रोनाल्डोचा गुडघ्याच्या वाटीखालचा टेंडन गेला होता, एसीएल नव्हे. मुलीसाठी उदाहरण हवंच असेल तर अमेरिकेची मेगन रॅपिनो घ्या. २००६ मध्ये डाव्या गुडघ्याचं एसीएल, २००७ मध्ये पुन्हा त्याच गुडघ्याचं, २०१५ मध्ये उजव्याचं. २०१९ च्या वर्ल्ड कपमध्ये गोल्डन बॉल (सर्वोत्तम खेळाडू) आणि गोल्डन बूट (सर्वाधिक गोल) दोन्ही तिला. पण धागाकर्ते, उदाहरणांनी तुमचा प्रश्न सुटणार नाही. सांधेजोड यांनी विचारलंय त्याची उत्तरं द्या ना.

टचलाइनपलीकडे
उजवा गुडघा. हो, तोच. वय २१. पहिलं ऑपरेशन सतराव्या वर्षी, ग्राफ्ट हॅमस्ट्रिंगचा (मांडीमागच्या स्नायूचा) होता असं आठवतंय. आता तोच ग्राफ्ट पूर्ण तुटलाय आणि आतल्या बाजूचा मेनिस्कस फाटलाय. करार या मोसमाच्या शेवटी संपतो.

मी त्या सामन्याचं रेकॉर्डिंग किती वेळा पाहिलं ते मोजलेलं नाही. कोणी धक्का दिला नव्हता. ती डावीकडे वळली, उजवा पाय रुतल्यासारखा तिथेच राहिला, आणि जमिनीला टेकायच्या आधीच तिने हात वर केला. समालोचकाला वाटलं ती फाउल मागतेय. मला तेव्हाच कळलं. सतराव्या वर्षीही तिने असाच, पडायच्या आधी हात वर केला होता.

आता तरी कोणीतरी नेमकं सांगा.

पावसाळी_मैदान
बूट कोणते होते? लांब स्टड असलेले बूट कृत्रिम गवतावर घातले की पाय अडकतो, हे मी कित्येक वर्षं ओरडून सांगतोय. शिवाय फिफा ११+ वॉर्म-अप करते का? जेमतेम वीस मिनिटं लागतात. नियमित करणाऱ्या संघांत दुखापती स्पष्टपणे कमी होतात, हे अभ्यासांतून दिसलंय. एका पायावर उडी मारून गुडघा आत न वळवता उतरायचं, नॉर्डिक हॅमस्ट्रिंग...

टचलाइनपलीकडे
@पावसाळी_मैदान, गुडघा गेलेला आहे. वॉर्म-अप ती बाराव्या वर्षापासून करते.

सांधेजोड
आता बोलता येईल. हे रिव्हिजन आहे, म्हणजे दुसऱ्यांदा एसीएल बांधणं, आणि ते पहिल्यापेक्षा बरंच अवघड. पहिल्या वेळी हाडात बोगदे पाडलेले असतात. ते चुकीच्या जागी असतील किंवा रुंदावले असतील तर नवा ग्राफ्ट त्यात नीट बसत नाही. कधी कधी आधी बोगदे हाडाने भरून घ्यावे लागतात, काही महिने थांबावं लागतं आणि मगच ग्राफ्ट. बोगद्यांच्या मापासाठी सीटी स्कॅन करतात. तो झाला का, हा माझा पहिला प्रश्न. दुसरा, ग्राफ्ट कुठून घेणार? त्या पायाची हॅमस्ट्रिंग वापरून झाली आहे, म्हणजे वाटीखालचा टेंडन, क्वाड्रिसेप्सचा (मांडीच्या पुढच्या स्नायूचा) टेंडन किंवा दुसऱ्या पायाची हॅमस्ट्रिंग. तिसरा, मेनिस्कस शिवणार की कापणार? २१ व्या वर्षी शिवता येत असेल तर शिवावाच, त्यासाठी रिहॅब सुरुवातीला हळू करावं लागलं तरी. चौथा, बाहेरच्या बाजूने जादा आधार देणार का? हॅमस्ट्रिंग ग्राफ्टला असा आधार दिला तर काय होतं, यावर ६१८ तरुण रुग्णांचा मोठा अभ्यास झाला. दोन वर्षांत ग्राफ्ट तुटायचं प्रमाण ११ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आलं. ती पहिल्या वेळची ऑपरेशनं होती, तरी आता हा विषय निघायलाच हवा.

सात महिन्यांबद्दल तुमची शंका रास्त आहे. पहिल्या एसीएलनंतरसुद्धा नऊ महिन्यांच्या आत परतणाऱ्यांचा गुडघा पुन्हा जाण्याचा धोका बराच जास्त असतो. रिव्हिजननंतर तर मी वर्षाच्या आत कोणाला सामन्यासाठी सोडत नाही. आणि नुसते महिने मोजून भागत नाही. मांडीची ताकद दुसऱ्या पायाच्या किमान नव्वद टक्के यावी लागते, उड्यांच्या चाचण्या पार व्हाव्या लागतात.

म्हणून सेकंड ओपिनियन जरूर घ्या, आणि तेही नियमित रिव्हिजन करणाऱ्या गुडघ्याच्या सर्जनचं. ते जुनी ऑपरेटिव्ह नोट मागणारच. ती आहे का, हे तुम्ही अजून सांगितलेलं नाही.

कलमबहाद्दर
करारापुरतं लिहितो, बाकी मला कळत नाही. फिफाच्या नियमांनुसार कराराची वैधता वैद्यकीय तपासणीत पास होण्यावर अवलंबून ठेवता येत नाही, आणि करार चालू असताना दुखापत झाली एवढ्या कारणावरून तो मोडताही येत नाही. सेकंड ओपिनियन मागितलं म्हणून क्लब काही करू शकत नाही. पण मोसमाच्या शेवटी करार आपोआप संपतोय, तिथे ही ढाल चालत नाही. वाढवायचा की नाही हे क्लबच्या मर्जीवर. उपचार कोणाकडे घ्यायचे, बाहेरच्या सर्जनला क्लबची लेखी संमती लागते का, विमा कोणत्या स्थितीत लागू, ही कलमं करारात असतात. करार वाचलात का? खेळाडू संघटनेची ती सदस्य आहे का? असेल तर त्यांचा वकील हे तासाभरात वाचून सांगेल.

टचलाइनपलीकडे
करार माझ्याकडे नाही. तिच्याकडे असेल.

गोलकीपरची_आई
मी मघापासून एका गोष्टीची वाट बघतेय. ती स्वतः काय म्हणते? एवढ्या मोठ्या धाग्यात तिचं एकही वाक्य नाही. ती २१ वर्षांची आहे. करार तिचा, सही तिची, डॉक्टर तिच्या परवानगीशिवाय तुमच्याशी बोलणारसुद्धा नाहीत. सोमवारी 'तिला कळवायचं आहे' म्हणता, तिने विचारलंय का तुम्हाला?

जुना_स्ट्रायकर
ताई, हे जरा लागतंय. बापाने नाही बोलायचं तर कोणी? मी १९ वर्षांचा असताना घोट्यात इंजेक्शन घेऊन तीन सामने खेळलो, कारण प्रशिक्षक म्हणाले खेळ. घरचे म्हणाले, त्यांना जास्त कळतं. आज जिना उतरताना कठडा धरतो. कोणीतरी तेव्हा मध्ये पडायला हवं होतं.

गोलकीपरची_आई
दादा, वाचून वाईट वाटलं, आणि तुमचं चुकीचंही नाही. पण मी मध्ये पडले होते. मुलाच्या डोक्याला मार बसला, तेव्हा मी त्याला न सांगता प्रशिक्षकांना फोन केला, याला दोन आठवडे खेळवू नका म्हणाले. बरोबरच होतं ते. पण पुढच्या मोसमात त्याच्या डोक्याला पुन्हा मार बसला आणि तो त्याने माझ्यापासून दोन महिने लपवला. चक्कर येत असताना सरावाला जात होता. मला कळलं ते त्याच्या खोलीतल्या मित्राकडून. म्हणून विचारतेय.

चालत_राहा
धागा भरकटतोय. मुद्दा ऑपरेशनचा आहे.

टचलाइनपलीकडे
नाही, भरकटलेला नाही.

तिने विचारलेलं नाही. मी क्लबच्या डॉक्टरांना फोन केला होता, ते म्हणाले खेळाडूच्या संमतीशिवाय बोलता येणार नाही. मग मी संघाच्या मॅनेजरना ईमेल केला, की सात महिने ही घाई आहे आणि आम्हाला ती मान्य नाही. 'आम्हाला' असंच लिहिलं. त्यांनी तिला बोलावून ते वाचून दाखवलं. चार दिवस झाले, ती माझा फोन घेत नाही. एमआरआयचा रिपोर्ट तिने आईला पाठवला होता, मला नाही. मी तो बायकोच्या फोनवर वाचला.

मागच्या वेळी ती १७ ची होती, सगळे कागद मी सह्या करून दिले. सात महिन्यांना मीच हो म्हटलं होतं, कारण तिची निवड चाचणी होती. तो ग्राफ्ट आता तुटला. तेव्हापासून मला झोप नाही.

सांधेजोड
सात महिन्यांमुळेच तुटला असं कोणीही खात्रीने सांगू शकणार नाही. परतल्यावर ती तीनेक वर्षं त्याच ग्राफ्टवर खेळली आहे. लहान वयात पहिलं ऑपरेशन झालेल्या आणि पुन्हा याच खेळात उतरलेल्या खेळाडूंमध्ये दुसरी इजा एरवीही जास्त दिसते. मुलींमध्ये तर पहिली इजाच मुलांपेक्षा दोन-तीन पटींनी जास्त. तुम्ही तेव्हा डॉक्टरांचं ऐकलंत. तो दोष अंगावर घेऊन या वेळचा निर्णय तिच्या हातातून काढून घेऊ नका.

गोलकीपरची_आई
तिला एक मेसेज करा. 'ईमेल करायला नको होता, चुकलं. तुला माझ्याकडून काही हवं असेल तर सांग.' बस. सर्जनचं नाव नाही, या धाग्याची लिंक नाही, सात महिने नाहीत. आणि उत्तर येईपर्यंत दुसरा मेसेज करायचा नाही.

जुना_स्ट्रायकर
हे मलाही पटतंय. फक्त 'चुकलं' हा शब्द गाळू नका.

पावसाळी_मैदान
बुटांचं मात्र नंतर नक्की बघा.

टचलाइनपलीकडे
अपडेट. परवा रात्री मेसेज केला. काल दुपारपर्यंत काही नाही. मग तिचा फोन आला.

सेकंड ओपिनियनची वेळ तिने आधीच घेतली आहे. माझा ईमेल जायच्या आधीच खेळाडू संघटनेशीही बोलून झालंय. करारात दुसरा सल्ला घ्यायची मुभा आहे, फक्त लेखी कळवावं लागतं, तेही तिने केलंय. सात महिन्यांबद्दल मी काही बोललो नाही. तीच म्हणाली, "बाबा, पुढचा मोसम गेला तरी चालेल, गुडघा नाही गेला पाहिजे." मग म्हणाली, नवे सर्जन जुनी ऑपरेटिव्ह नोट मागतायत, तुमच्या फाइलमध्ये असेल ना?

सांधेजोड, तुम्ही पहिल्याच प्रतिसादात विचारलं होतं आणि मी लक्षच दिलं नाही. फाइल आहे, नोट सापडली. दोन पानं आहेत. पण दुसऱ्या पानावर शाई पुसट झाली आहे, खालच्या चार ओळी वाचता येत नाहीत. नेमकं काय काय पाठवायचं?

सांधेजोड
दोन्ही पानं पाठवा, पुसट असलं तरी. दिवसाच्या उजेडात खिडकीशी, सपाट ठेवून फोटो काढा, फ्लॅश नको. ग्राफ्टची जाडी मिलिमीटरमध्ये लिहिलेली असते, ती वाचता येतेय का बघा. आणि फाइलमध्ये छोटे छापील स्टिकर चिकटवलेले असतील, बारकोड असलेले. आत बसवलेल्या स्क्रूचे ते असतात. माप आणि धातूचा की विरघळणारा, हे त्यावर असतं. सर्जनला ते सर्वांत उपयोगी, कारण जुना स्क्रू काढायचा तर कोणती हत्यारं लागतील ते त्यावरून कळतं. बहुतेक वेळा नोटच्या पाठीमागे किंवा भूलतज्ज्ञांच्या कागदावर असतात.

चार ओळी लागल्याच तर जिथे ऑपरेशन झालं तिथल्या रेकॉर्ड विभागाकडे प्रत मागता येईल. तो अर्ज मात्र आता तिच्या सहीने.

टचलाइनपलीकडे
स्टिकर मिळाले. भुलीच्या कागदामागे, दोन. एक निघायला आला होता, तो पारदर्शक पाकिटात घातला. जाडी आठ मिलिमीटर लिहिली आहे. फोटो तिला पाठवले, रेकॉर्ड विभागाचा अर्ज टाइप करून सहीची जागा मोकळी ठेवलीय. गुरुवारी सीटी आहे. मूळ कागद घेऊन या म्हणाली.