अमळनेर एका दिवसात : बोरीकाठी काय पाहावे आणि कोणत्या क्रमाने?

प्रश्न : भुसावळकर

दिवाळीनंतरच्या एखाद्या रविवारी वडील आणि नववीत शिकणारी मुलगी यांच्यासह भुसावळहून अमळनेरला जाण्याचा विचार आहे. वडिलांना सखाराम महाराजांच्या समाधीचे दर्शन घ्यायचे आहे आणि मुलीला साने गुरुजींनी जेथे शिकवले ते गाव पाहायचे आहे. मंगळ ग्रह मंदिर सोडल्यास तेथे पाहण्यासारखे काही नाही, असे आमच्या एका नातेवाइकांचे ठाम मत आहे. वडिलांचे गुडघे दुखत असल्यामुळे त्यांना फार चालवत नाही. क्रम कसा ठेवावा आणि त्याच दिवशी पारोळ्याचा किल्ला जमेल का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर : बोरीकाठ

आपल्या नातेवाइकांनी मंगळवारची गर्दी तेवढी पाहिली असावी. ते मंदिर अवश्य पाहावे. परंतु आपण मंगळवारी येणार नसल्याने दर्शन लवकर आटोपेल आणि बाकीचा दिवस मोकळा राहील.

सुरुवात नदीपासून करावी. सखाराम महाराजांचे समाधिस्थान बोरीच्या पात्रातच आहे आणि त्यांची गादी गावातील वाडी संस्थानात आहे. ही दोन्ही ठिकाणे एकापाठोपाठ पाहिली म्हणजे वारकरी परंपरेने हे गाव किती घट्ट धरून ठेवले आहे ते कळते. येथील मोठी यात्रा वैशाखात असते. शुद्ध एकादशीला रथ निघतो, पौर्णिमेला पालखी निघते आणि पाणी आटलेल्या पात्रात दुकाने व पाळणे थाटले जातात. आमच्याकडच्या रथांना सुकाणू नसते. मोगरी लावणारे लोक चालत्या चाकाखाली लाकडी मोगरी सरकवून रथ वळवतात आणि थांबवतात. मोगरी क्षणभर उशिरा पडली तर रथ कोणाच्या तरी ओट्यावर चढायचा, म्हणून सगळ्यांचे डोळे कळसाऐवजी चाकाकडेच लागलेले असतात. मात्र ते ऊन आणि ती गर्दी पाहता वडिलांसाठी आपण निवडलेला हंगामच योग्य आहे.

जुन्या तटबंदीची खूण म्हणून राहिलेला दगडी दरवाजाही वाटेत पाहून घ्यावा. त्याची पडझड झालेली असल्याने अगदी लगत थांबू नये.

उत्तर : निवृत्त शिक्षक

बोरीकाठ यांनी हंगामाचे बरोबर सांगितले, पण वाराचा मुद्दा राहिला. आपल्या मुलीला जे पाहायचे आहे ते सारे शाळा आणि संस्था यांच्या आवारात आहे आणि रविवारी ती कुलुपे उघडत नाहीत. शनिवारी सकाळी यावे व आधी कार्यालयाशी बोलून परवानगी घ्यावी.

साने गुरुजी मूळचे कोकणातील पालगडचे. ते अमळनेरला आले ते तत्त्वज्ञान मंदिरात अभ्यास करण्यासाठी, आणि पुढे 1924 ते 1930 या काळात त्यांनी येथील खानदेश शिक्षण मंडळाच्या शाळेत शिकवले व छात्रालय सांभाळले. मुलांसाठी ते स्वतःच्या हाताने ‘छात्रालय’ नावाचे दैनिक लिहून काढीत. 1930 मध्ये सत्याग्रहात उतरण्यासाठी त्यांनी नोकरी सोडली.

तत्त्वज्ञान मंदिर मात्र केवळ गुरुजींच्या नावाखाली पाहू नये, ही माझी आग्रहाची विनंती आहे. गिरणीमालक श्रीमंत प्रताप शेठ यांच्या पैशातून 1916 मध्ये उभ्या राहिलेल्या या संस्थेत देशभरातून अभ्यासक येऊन राहत. कृष्णचंद्र भट्टाचार्य यांच्यासारखे तत्त्वज्ञ 1930 नंतरच्या दशकात काही काळ तिचे संचालक होते आणि येथून इंग्रजीत तत्त्वज्ञानाचे त्रैमासिक निघत असे. कापसाच्या व्यापारावर जगणाऱ्या तालुक्याच्या गावी वेदान्तावर त्रैमासिक निघावे, याचे मला आजही नवल वाटते. प्रताप महाविद्यालय 1945 चे. त्याच वर्षाच्या डिसेंबरात वनस्पती तुपाची जी कंपनी येथे नोंदली गेली, तीच पुढे विप्रो झाली. कारखान्यात सहज प्रवेश मिळत नाही; बाहेरूनच पाहून पुढे जावे.

उत्तर : पारोळेकर

किल्ला त्याच दिवशी जमेल. अंतर साधारण 20 किलोमीटर आहे. 1727 मध्ये जहागीरदार हरी सदाशिव दामोदर यांनी बांधलेला हा भुईकोट गावातच असून झाशीच्या नेवाळकर घराण्याशी त्याचा संबंध सांगितला जातो, हे मुलीला आवडेल. खंदक आणि बाहेरची तटबंदी सपाटीवरून दिसते, त्यामुळे वडिलांना चढावे लागणार नाही. आत झाडोरा माजलेला असतो. दुपार उतरण्यापूर्वी पोहोचावे.

भुसावळकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. शनिवार निश्चित केला आहे. वडिलांचा तापीस्नानाचाही हट्ट आहे. त्याच फेरीत ते साधेल का?

उत्तर : बोरीकाठ

निम येथे तापी आणि पांझरा यांच्या संगमावर कपिलेश्वराचे प्राचीन मंदिर आहे आणि ते आमच्याच तालुक्यात येते. परंतु ते पारोळ्याच्या अगदी उलट दिशेला आहे. दोन्ही एका दिवसात बसवल्यास वडिलांचा वेळ गाडीतच जाईल. माझे मत विचाराल तर या वेळी पारोळा सोडावा. सकाळी समाधी, अकराच्या सुमारास तत्त्वज्ञान मंदिर, जेवण करून निम, असा क्रम ठेवावा. स्नानाचे तेथे पोहोचल्यावर पाण्याची पातळी गावकऱ्यांना विचारूनच ठरवावे. रेल्वेने येणार असाल तर जळगावहून सुरत मार्गाने यावे. वाटेत धरणगाव लागते, बालकवींचे जन्मगाव, एवढे मुलीला खिडकीतून दाखवता येईल.