तीन तासांच्या उन्हात बाल्कनीत काय पिकवता येईल?

प्रश्न
नमस्कार. आमच्या घराला सहा फूट लांब व जेमतेम तीन फूट रुंद अशी एकच बाल्कनी असून तिथे सकाळी आठ ते अकरा एवढेच थेट ऊन येते. गेल्या हंगामात मी आठ इंची कुंड्यांमध्ये टोमॅटोची चार रोपे लावली होती. ती उंच वाढली, पाने हिरवीगार झाली, फुलेही आली. मात्र बहुतेक फुले देठापासून गळून पडली आणि हाती आले ते पाच लहान टोमॅटो. पाणी रोज देत होते, दर पंधरवड्याला खतही घालत होते. चूक नेमकी कुठे झाली, आणि एवढ्या जागेत खाण्याजोगे काही नियमित पिकू शकते का, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १
आपली मेहनत कमी पडलेली नाही, पिकाची निवड जागेला जुळली नाही. टोमॅटो, वांगी, मिरची अशा फळभाज्यांना दिवसाला किमान सहा तास थेट ऊन हवे असते, कारण फळ पोसण्यासाठी लागणारी साखर पानांना उन्हातच तयार करावी लागते. ऊन अपुरे पडले की रोप उजेडाच्या ओढीने लांबट वाढते आणि जेवढी फळे पोसता येणार नाहीत तेवढी फुले गाळून टाकते. त्यातच खतातून नत्र भरपूर मिळत राहिले, तर पाने माजतात व फळधारणा मागे पडते. तुमच्या वर्णनावरून दोन्ही गोष्टी एकदम घडलेल्या दिसतात. पालक, मेथी, कोथिंबीर, पुदिना यांची आपण पानेच खातो, त्यामुळे त्यांना तीन-चार तासांचे ऊन पुरते. एक मात्र जरूर करा : जमिनीलगत आणि कठड्याच्या उंचीवर ऊन किती वेळ टिकते, ते वेगवेगळे मोजा. भरीव कठड्याच्या सावलीत खाली ठेवलेल्या कुंडीला तीन तासांतले निम्मे ऊनही मिळत नसेल.

प्रतिसाद २
उन्हाचा मुद्दा पूर्णपणे मान्य आहे, पण कुंडीकडेही दुर्लक्ष नको. आठ इंची कुंडीत चार लिटरच्या आसपास माती मावते, तर टोमॅटोच्या एका रोपाला पंधरा ते वीस लिटर लागते. पालेभाज्यांना सहा ते आठ इंच खोलीचा पसरट ट्रे पुरतो. ओल्या मातीचे वजन लिटरमागे दीड किलोच्या पुढे जाऊ शकते, म्हणून बाल्कनीसाठी माती, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) व चांगले कुजलेले कंपोस्ट समप्रमाणात मिसळलेले बरे. नुसत्या कोकोपीटमध्ये पोषण जवळजवळ नसते, हे लक्षात असू द्या.

कुंडीच्या तळाशी खडे घालण्याचा सल्ला सर्रास दिला जातो; माझ्या मते तो सोडून द्यावा. बारीक मातीतले पाणी खालच्या खड्यांत सहजी उतरत नाही, वरची माती पूर्ण भिजेपर्यंत ते तिथेच अडून राहते, आणि मुळांना मिळणारी जागा तेवढी कमी होते. तळाला भोके मोकळी असणे पुरेसे आहे. पाणीही रोज ठरवून देऊ नये. बोट एका पेराएवढे मातीत घालून कोरडे लागले, तरच द्यावे.

प्रश्नकर्ती
मनापासून आभार. कठड्यावर ऊन खरोखरच तासभर जास्त टिकते, हे आज पाहिले. कोथिंबीर मात्र पूर्वी दोनदा पेरली आणि उगवलीच नाही. तिचे काय चुकले असावे?

प्रतिसाद ३
धने अख्खे पेरले होते का? एका धन्यात दोन बिया असतात. हलक्या हाताने रगडून तो दुभंगावा, रात्रभर भिजवावा आणि अर्धा इंच खोल पेरावा. उगवायला आठ ते पंधरा दिवस लागतात, आणि याच काळात वरचा थर वाळला की सगळे फसते. कोथिंबिरीची रोपे उपटून दुसरीकडे लावू नयेत, आणि फार उष्ण दिवसांत पेरू नये, कारण मग ती पानांऐवजी लवकर फुलावर येते. सगळे ट्रे एकाच दिवशी पेरले तर पंधरा दिवस भरपूर मिळते व नंतर काहीच नाही, त्यामुळे दर दहा-बारा दिवसांनी एक ट्रे पेरत जावा. पालक उपटण्याऐवजी बाहेरची पाने खुडत राहिल्यास तेच रोप अनेक आठवडे चालते. पुदिन्याला मात्र स्वतंत्र कुंडी द्या, नाहीतर तो शेजारच्या रोपांची जागा व्यापतो. घराची सगळी भाजी एवढ्या जागेत निघणार नाही, पण कोथिंबीर आणि पुदिना यांची गरज सहज भागेल. कठड्याकडचे जास्तीचे ऊन पालकाला द्या. पुदिना खालच्या सावलीतही तग धरतो.