नोकरी, दवाखाना, टॅक्सी, दलाली: कामावर झालेला कोणता खर्च करातून वजा होतो?

नौपाडेकर
नमस्कार मंडळी. आर्थिक वर्ष २०२५-२६ ची चार रिटर्न भरायची आहेत, सगळी घरातल्याच माणसांची. भाऊ महापे एमआयडीसीत सर्व्हिस इंजिनिअर, पगारदार. स्वतःच्या बाइकवर रबाळे-तळोजा फिरतो, सेफ्टी शूज आणि मल्टिमीटर स्वतःच्या पैशाने घेतलेत. वहिनी डेंटिस्ट, नौपाड्यात भाड्याच्या गाळ्यात दवाखाना, शिवाय दोन हॉस्पिटलांत व्हिजिटिंग. मेहुणा कोपरखैरण्याला असतो, ॲपवर स्वतःची टॅक्सी चालवतो, गाडी कर्जावर. सासरे खारघरमध्ये फ्लॅटची दलाली करतात. चौघांकडेही बिलांच्या पिशव्या भरलेल्या आहेत. त्यातलं काय वजा होतं? आणि नवीन रिजीममध्ये (नव्या करप्रणालीत) काहीच वजा होत नाही म्हणतात, ते खरं का?

हिशेबवही
शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण गल्लत तिथेच होते. नवीन रिजीममध्ये जातात त्या ८०सी (बचत-गुंतवणूक), ८०डी (आरोग्य विमा), एचआरए (घरभाडे भत्ता) वगैरे वजावटी. धंद्यासाठी केलेला खर्च त्या जातीचा नाही. तो नफा काढतानाच वजा होतो, कलम ३० ते ३७ खाली, आणि रिजीम कुठलीही घेतली तरी होतो. म्हणून बिलांच्या पिशवीला हात लावण्याआधी बघा, उत्पन्न पगाराच्या शीर्षाखाली येतं की धंदा-व्यवसायाच्या. निम्मं उत्तर तिथेच मिळतं.

भावाचं उत्पन्न पगाराचं आहे, त्यामुळे त्याची पिशवी जवळपास निरुपयोगी आहे. पगारदाराला कामाच्या खर्चापोटी सरसकट प्रमाणित वजावट मिळते: नवीन रिजीममध्ये ७५,०००, जुन्यात ५०,०००. त्यावर मल्टिमीटर, शूज, घरचं इंटरनेट, लॅपटॉप यांचं एकही बिल रिटर्नमध्ये लावता येत नाही. तशी जागाच पगारदाराच्या आयटीआर-१ फॉर्ममध्ये नाही. व्यवसाय कर वर्षाला २,५०० कापला जातो (दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३००), तो फक्त जुन्या रिजीममध्ये वजा होतो.

वाट आहे ती कंपनीतून. साइटवर जायचा बाइकचा खर्च कंपनीने बिलं आणि लॉगशीट घेऊन परत दिला, तर ते त्याचं उत्पन्नच नाही. ड्यूटीच्या प्रवासासाठी म्हणून कन्व्हेयन्स अलाउन्स दिला असेल, तर कलम १०(१४)(i) खाली प्रत्यक्ष खर्च झाला तेवढा करमुक्त, आणि हा अलाउन्स नवीन रिजीममध्येही चालतो. दौऱ्याचा प्रवासभत्ता आणि दैनिक भत्ताही चालतो. युनिफॉर्म अलाउन्स मात्र नवीन रिजीममध्ये करपात्र. तेव्हा शूजसाठी भत्ता मागण्यापेक्षा कंपनीनेच शूज विकत घेऊन दिलेले बरे.

लॉगशीटमध्ये तारीख, निघालो कुठून, पोचलो कुठे, किलोमीटर आणि कॉल नंबर एवढं असावं. घर ते ऑफिस हा प्रवास यात धरत नाहीत. तो प्रमाणित वजावटीतच आला. आणि हे सगळं ३१ मार्चच्या आत पेरोलला पोचलं पाहिजे. फॉर्म १६ निघाल्यावर जाग आली तर वेळ गेलेली असते.

पाचपाखाडी
वहिनींबद्दल. हॉस्पिटलं कुठल्या कलमाखाली टीडीएस (पैसे देतानाच कापलेला कर) कापतात, ते आधी २६एएसमध्ये (कापलेल्या कराचा खात्याकडचा उतारा) बघा. १९४जे, म्हणजे १० टक्के असेल तर ती व्यावसायिक फी. १९२ असेल तर हॉस्पिटलने त्यांना पगारी धरलंय आणि त्या रकमेवर कुठलाही खर्च लागणार नाही. व्हिजिटिंग डॉक्टरांचे करार वाचले की पुष्कळदा यातच घोळ सापडतो.

व्यावसायिक फी असेल तर दोन रस्ते आहेत. पहिला कलम ४४एडीए: वर्षाची जमा ५० लाखांपर्यंत (रोखीची जमा ५ टक्क्यांच्या आत असेल तर ७५ लाखांपर्यंत) असेल तर निम्मं उत्पन्न धरायचं, निम्मा खर्च. बिल दाखवायचं नाही, वेगळा घसाराही (वस्तूची किंमत दरवर्षी थोडी थोडी खर्चात टाकणं) मागायचा नाही, सगळं त्या निम्म्यात आलं. दुसरा रस्ता म्हणजे वह्या ठेवून खरा खर्च लावायचा. पण त्यात नफा ५० टक्क्यांच्या खाली गेला आणि एकूण उत्पन्न मूळ सूटमर्यादेच्या (नवीन रिजीममध्ये ४ लाख) वर असेल, तर ४४एबी खाली ऑडिट लागतं.

कुठला रस्ता घ्यायचा हे आकडे मांडूनच ठरवा. जमा २४ लाख धरू. ४४एडीए खाली उत्पन्न १२ लाख, दुसरं काही उत्पन्न नसेल तर नवीन रिजीममध्ये कलम ८७ए च्या सवलतीने कर शून्य. मग खर्च ५५ टक्के निघतोय की ६० हा वाद व्यर्थ आहे, ऑडिटची फी तेवढी अंगावर पडेल. आता जमा ४० लाख आणि खरा खर्च ६५ टक्के धरा. भाड्याचा गाळा, रिसेप्शनिस्ट, असिस्टंट, लॅबचं काम असलेल्या दवाखान्यात एवढा खर्च सहज होतो. ४४एडीए ने उत्पन्न २० लाख, सेस धरून कर २,०८,०००. वह्या ठेवल्या तर उत्पन्न १४ लाख, कर ९३,६००. फरक १,१४,४०० रुपयांचा, तिथे ऑडिट परवडतं.

वह्यांच्या रस्त्याने काय काय लागतं: गाळ्याचं भाडं, वीज, पगार, लॅबची बिलं, मटेरियल, जैववैद्यकीय कचरा उचलणाऱ्या एजन्सीचे पैसे, प्रोफेशनल इन्डेम्निटी विमा, कौन्सिलच्या नूतनीकरणाची फी, एप्रन, पीटीईसीचे (व्यावसायिकाने स्वतः भरायचा व्यवसाय कर) वर्षाचे २,५००. खुर्ची, कॉम्प्रेसर, ऑटोक्लेव्ह यांवर १५ टक्के घसारा, कॉम्प्युटरवर ४०, फर्निचरवर १०. वस्तू वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरली तर त्या वर्षी घसारा निम्मा. म्हणजे फेब्रुवारीत घेतलेल्या खुर्चीवर साडेसातच टक्के. डॉक्टरांना नियम ६एफ प्रमाणे फॉर्म ३सी मध्ये रोजच्या पेशंटांचं रजिस्टर आणि औषध-साहित्याच्या साठ्याची नोंदही ठेवावी लागते. सॉफ्टवेअरमधून काढलेली यादी चालते, पण ती रोजची हवी, मार्चमध्ये बसून लिहिलेली नको.

कंपन्यांकडून मिळालेल्या भेटी किंवा कॉन्फरन्सच्या सहली वर्षात २०,००० च्या वर गेल्या तर १९४आर खाली १० टक्के टीडीएस कापलेला दिसेल. ती रक्कम जमेत धरायलाच लागते, आणि लोक नेमकी तीच गाळतात.

सानपाडा_स्टँड
टॅक्सीचं मी सांगतो. मेहुण्याने ४४एडीए नव्हे, ४४एडी बघायचं. बँकेतून किंवा यूपीआयने आलेल्या उलाढालीच्या किमान ६ टक्के, रोखीच्या ८ टक्के उत्पन्न धरायचं. ॲपने खात्यात जमा केलेली रक्कम म्हणजे उलाढाल नव्हे. कमिशन कापण्याआधीचं पूर्ण भाडं धरायचं, कारण १९४-ओ खाली ॲप त्याच रकमेवर ०.१ टक्का टीडीएस कापतं (त्या ॲपवरची वर्षाची उलाढाल ५ लाखांपर्यंत असेल आणि पॅन दिलेला असेल तर कापत नाही). पूर्ण भाडं ९,६०,००० असेल तर टीडीएस ९६० आणि २६एएसमध्ये आकडा ९,६०,००० चाच दिसतो. रिटर्नमध्ये सात लाख लिहिले की नोटीस ठरलेली.

खरा खर्च मांडायचा तर असा: सीएनजी, कमिशन, विमा, परमिट, फिटनेस, पीयूसी, टायर, सर्व्हिसिंग, आणि घसारा. भाड्याने चालवायच्या गाडीवर घसारा १५ नाही, ३० टक्के आहे. ८ लाखांच्या गाडीवर पहिल्या वर्षी २,४०,०००, गाडी ऑक्टोबर उजाडल्यावर काही दिवसांनी रस्त्यावर आली असेल तर १,२०,०००. नंतरच्या वर्षी उरलेल्या किमतीवर ३० टक्के.

टॅक्सीच्या हिशेबात सगळ्यात जास्त चुकतो तो कर्जाचा हप्ता. हप्त्यातलं फक्त व्याज खर्चात जातं, मुद्दल नाही. बँकेकडून वर्षाचं व्याजाचं सर्टिफिकेट मागून घ्या. स्वतःचा पगार खर्चात टाकता येत नाही. ई-चलानचा दंडही नाही. कायदा मोडल्याबद्दल भरलेला पैसा कलम ३७(१) खाली कधीच वजा होत नाही.

टोलचं नीट बघा. १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून वाशी, ऐरोली, दहिसर आणि मुलुंडचे दोन्ही, अशा पाचही नाक्यांवर हलक्या वाहनांना टोल माफ आहे. २०२५-२६ च्या हिशेबात कुणी ऐरोलीचा टोल लिहिला असेल तर ती वही घरी बसून भरलेली आहे हे अधिकाऱ्याला पहिल्याच पानावर कळतं. अटल सेतूचा टोल खरा आहे, त्याला फास्टॅगचं स्टेटमेंट हाच पुरावा. प्रवाशाकडून तो वसूल होत असेल तर जमेतही दिसला पाहिजे.

एवढं सगळं झाल्यावरही ९-१० लाखांच्या उलाढालीला दोन्ही रस्त्यांनी कर शून्यच येतो. तरी हिशेब ठेवायचा, कारण पुढच्या गाडीच्या कर्जाला बँक हेच रिटर्न मागते. आणि ४४एडी एकदा धरून पाच वर्षांच्या आत सोडलं तर पुढची पाच वर्षं परत घेता येत नाही. ४४एडीए ला ही अट नाही.

कळंबोली_ट्रक
वरच्याला जोड. एपीएमसीत टेम्पो लावणाऱ्यांसाठी ४४एई आहे, ते फक्त मालवाहू गाड्यांना, टॅक्सीला नाही. दहापर्यंत गाड्या असतील तर १२,००० किलोपर्यंतच्या गाडीला महिना ७,५०० उत्पन्न धरायचं, त्यावरच्या गाडीला दर टनाला १,०००. सोळा टनी ट्रक म्हणजे महिन्याला १६,०००. महिना अर्धवट असला तरी पूर्ण धरतात. गाडी गॅरेजमध्ये उभी होती ही सबब चालत नाही, मालकी असली की झालं.

खारघरकर
सासऱ्यांचं महत्त्वाचं आहे, कारण दलालांची रिटर्न आयटीआर-४ मध्ये (४४एडी-४४एडीए वाल्यांचा फॉर्म) सर्रास चुकीची भरली जातात. कमिशन किंवा दलालीच्या उत्पन्नाला ४४एडी लागूच नाही, कलम ४४एडी(६) मध्ये तसं स्पष्ट लिहिलंय. बिल्डर दलालीवर १९४एच खाली २ टक्के कापतो, ते २६एएसमध्ये दिसतं, आणि खाली ६ टक्के नफ्याचा फॉर्म. विसंगती लपत नाही. त्यांचा फॉर्म आयटीआर-३, खरा जमाखर्च मांडून.

खर्चात महारेराच्या नोंदणीची फी, वेबसाइटवरच्या जाहिराती, ऑफिसचं भाडं, मोबाइल, साइट दाखवायला जाण्याचं पेट्रोल, दुसऱ्या दलालाला दिलेला वाटा. या वाट्यावरच बोट ठेवलं जातं. तो बँकेतूनच द्या, त्याचा पॅन घ्या आणि कुठल्या फ्लॅटचा व्यवहार ते पावतीवर लिहा. गाडी घरच्या कामालाही वापरत असतील तर कलम ३८(२) प्रमाणे धंद्याचा हिस्साच धरायचा. किलोमीटर लिहिलेली साधी वही असेल तर ७० टक्के धंद्याचे सांगताना अडत नाही, नसेल तर अधिकारी त्याला वाटेल तेवढे कापतो. साइटवर घालायचे चांगले कपडे खर्चात येत नाहीत. डॉक्टरचा एप्रन आणि वकिलाचा गाऊन येतो, कारण तो कामाबाहेर कुणी घालत नाही.

नौपाडेकर
खूप आभार, डोकं बरंच साफ झालं. तीन गोष्टी राहिल्या. वहिनींनी खुर्चीचे १,८०,००० चेकने आणि ४०,००० एकाच दिवशी रोख दिलेत. मेहुण्याने तुर्भ्याच्या गॅरेजला चार टायरचे १६,००० रोख दिलेत. आणि भावाला एका एजंटने सांगितलंय की तो बिलं न मागता रिफंड काढून देतो, त्यातला १० टक्के त्याचा.

हिशेबवही
खुर्ची: मालमत्तेसाठी एका माणसाला एका दिवसात १०,००० च्या वर रोख दिली तर ती रक्कम किमतीतच धरत नाहीत. घसारा १,८०,००० वर मिळेल, ४०,००० वर कधीच नाही. पुढच्या वर्षीही नाही.

टायर: कलम ४०ए(३), मर्यादा तीच, माणशी दिवसाला १०,०००. ओलांडली की वरचे ६,०००च नाही, पूर्ण १६,००० बाद. दोन बिलं फाडून उपयोग नाही, दिवसाची बेरीज बघतात. मालवाहतूकदाराला दिलेल्या पैशांची मर्यादा ३५,००० आहे, पण टायरवाल्याला ती लागू होत नाही. मेहुणा ४४एडी घेणार असेल तर हा प्रश्नच मिटतो, तिथे वेगवेगळे खर्च तपासायचेच नसतात.

एजंटला आजच नाही म्हणा. पगारदाराला रिफंड काढून द्यायला तो भाड्याच्या खोट्या पावत्या, देणग्या, ८०डी असलं काहीतरी घुसवणार. सही आणि ओटीपी भावाचा असतो, जबाबदारीही त्याचीच. जुलै २०२५ मध्ये खात्याने अशाच खोट्या वजावटी लावून देणाऱ्यांवर देशभर तपास सुरू केला होता. खोटी माहिती ठरली तर कलम २७०ए खाली चुकवलेल्या कराच्या २०० टक्के दंड, वर कर आणि व्याज वेगळं. एचआरए खरोखर मिळत असेल आणि जुनी रिजीम फायद्याची असेल तर तो हक्काने लावा, पण ठाणे-नवी मुंबईच्या भाड्याला पगाराच्या ४० टक्क्यांची मर्यादा आहे. ५० टक्के मुंबईत राहणाऱ्यांना.

वहिनी आणि सासरे धंद्याच्या शीर्षात येतात, त्यामुळे त्यांना जुनी रिजीम हवी असेल तर मुदतीच्या आत फॉर्म १०-आयईए भरावा लागेल. भावाला तो लागत नाही, तो रिटर्नमध्येच निवडतो. वहिनी ४४एडीए घेणार असतील तर यापुढे आगाऊ कराचा एकच हप्ता, १५ मार्चला. कलमांचे हे सगळे क्रमांक २०२५-२६ साठी १९६१ च्या कायद्याचे आहेत. १ एप्रिल २०२६ पासून प्राप्तिकर कायदा २०२५ लागू झाला आणि क्रमांक बदलले, तेव्हा पुढच्या वर्षी हा धागा बघून कलम शोधू नका.

सासऱ्यांच्या २६एएसचा १९४एचचा उतारा आणि बँक पासबुक समोरासमोर ठेवून एकदा जुळवा. बिल्डरने मार्चमध्ये टीडीएस दाखवून पैसे एप्रिलमध्ये दिले असतील तर कुठल्या वर्षात धरायचं ते ठरवावं लागेल. तसे आकडे निघाले तर इथे टाका.